विद्यापीठाच्या विभागात कोर्स कोऑर्डिनेटर म्हणून रुजू होतेय, काम नेमकं कसं चालतं?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. एका सार्वजनिक विद्यापीठाच्या विभागात दोन विनाअनुदानित अभ्यासक्रमांच्या कार्यालयीन कामासाठी निवड झाली आहे. एक एम.ए. (६० जागा) आणि एक पदव्युत्तर पदविका (३० जागा). पत्रावर पद 'कोर्स कोऑर्डिनेटर', करार ११ महिन्यांचा, १ जुलैला रुजू व्हायचंय. वय ४३, खुला प्रवर्ग. याआधी विमा कंपनीत क्लेम्स, मग सहल कंपनीत ऑपरेशन्स, शेवटी पॅथॉलॉजी लॅबचं फ्रंट ऑफिस. शिक्षणक्षेत्राशी आजवरचा संबंध फक्त मुलांच्या फीपुरता.

विचारायचंय ते असं. वर्षभराचं काम कुठून सुरू होऊन कुठे जातं? चुका नेमक्या कुठे होतात आणि का? आधीच्या कामांतलं काय उपयोगी पडेल, काय विसरावं लागेल? एक्सेल बऱ्यापैकी येतं, मराठी टायपिंग फोनवरचंच. आणि करारात काय बघून घ्यावं?

"हळूहळू कळेल" हे उत्तर कृपया नको. ते विभागात मिळालंच आहे.

---

सेक्शनवाला

ताई, आधी पदाच्या नावाचं बघा. विद्यापीठात 'समन्वयक' म्हणजे बहुतेक वेळा एखादे प्राध्यापक असतात आणि सही त्यांची किंवा विभागप्रमुखांची चालते. तुमच्या पत्रावर तेच नाव असलं तरी काम कार्यालयाचं आहे. म्हणून पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या: कुठल्या कागदाला तुमची सही पुरते (आवक पोच, ओळखपत्राचे अर्ज), कुठल्याला समन्वयकांची लागते, कुठल्याला विभागप्रमुखांची. शक्य असेल तर लेखी घ्या. बोनाफाईडवर चुकीच्या माणसाची सही असली की शैक्षणिक कर्जाची फाइल बँकेतून परत येते, आणि विद्यार्थी फेऱ्या मारतो तो तुमच्याच टेबलाशी.

आता साखळी. प्रवेश, पात्रता, पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक), विषयनिवड, परीक्षा अर्ज, हॉल तिकीट, अंतर्गत गुण, निकाल. यातली एक कडी कच्ची राहिली तर ती तिथल्या तिथे कधीच दिसत नाही, तीन कड्या पुढे गेल्यावर दिसते. जुलैतली चूक जानेवारीत निकाल राखीव म्हणून समोर येते आणि तोवर ती कुणी केली हे कुणालाच आठवत नसतं.

सगळ्यात नेहमीची चूक ऐच्छिक विषयाची. समजा सत्र १ मध्ये दोन ऐच्छिक पेपर आहेत, कोड ५११ आणि ५१२ (आकडे नमुन्याचे). विद्यार्थ्याने पोर्टलवर ५११ घेतला. दुसऱ्या आठवड्यात मित्र बसतात म्हणून तो ५१२ च्या वर्गात जाऊन बसला. शिक्षकांनी हजेरीपटाच्या तळाशी पेनने नाव लिहून घेतलं. सगळे खूश. पोर्टलवर मात्र ५११ च राहिला. परीक्षा अर्जात ५११ आपोआप आला, विद्यार्थ्याने न वाचता फी भरली, हॉल तिकिटावर ५११ आला. अंतर्गत गुण भरताना ५१२ च्या यादीत त्याचं नावच नाही, आणि ५११ च्या शिक्षकांनी "हा कोण?" म्हणून गैरहजर मारला. निकालात ५११ नापास. वर्ग पूर्ण केलेला, सगळ्या चाचण्या दिलेल्या.

उपाय साधा आहे. विषयबदलाची शेवटची तारीख जाहीर करा, वर्ग सुरू झाल्यापासून दोन आठवडे पुरे. बदल फक्त लेखी अर्जावर. त्या तारखेनंतर पोर्टलवरून कोडवार यादी छापा, वर्गात न्या आणि प्रत्येकाकडून आपापल्या नावापुढे सही घ्या. ६० सह्यांना अर्धा तास लागतो. जानेवारीत तीच यादी तुमची ढाल.

दुसरी चूक: शून्य आणि गैरहजर. चाचणी दिली आणि काहीच आलं नाही, तर शून्य. दिलीच नाही, तर गैरहजरचा शेरा. पुन्हा संधी द्यायची की नाही याचे नियम त्यावर फिरतात. शिक्षक घाईत रिकामी चौकट सोडतात. रिकाम्या चौकटीची यादी कधीही स्वीकारू नका.

तिसरी चूक: जुने विद्यार्थी. एटीकेटीवाले वर्गात दिसत नाहीत, म्हणून यादीतही राहत नाहीत. त्यात अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदललेला असला की पेपरचं नाव तेच, कोड निराळा. त्यांची वही वेगळीच ठेवा: नाव, पीआरएन, पॅटर्न, उरलेले पेपर, शिल्लक संधी. परीक्षा अर्जाची तारीख आली की त्यांना फोन तुम्हीच करायचा, कारण ते तुमच्या कुठल्याच ग्रुपवर नसतात.

आणि घाई का असते तेही सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावायचा. त्यामुळे शेवटचा पेपर झाल्यावर परीक्षा विभाग कुणाच्या अडचणी ऐकत बसत नाही. अंतर्गत गुण आले नाहीत तर विभागाचा निकाल अडकतो. शैक्षणिक वेळापत्रक हातात आलं की निकालाच्या तारखेपासून उलटं मोजत या आणि प्रत्येक तारखेच्या दहा दिवस आधीची आपली स्वतःची तारीख लिहून ठेवा. शिक्षकांना ही दुसरीच तारीख सांगायची. खरी सांगितलीत तर संपलं.

---

कागद_तीन_प्रतींत

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. मी फक्त जुलै-ऑगस्टबद्दल लिहितो, कारण तुम्ही थेट प्रवेशाच्या धामधुमीत उतरणार आहात.

पात्रतेत बघायच्या गोष्टी मोजक्याच. पदवी कुठल्या विद्यापीठाची? त्याच विद्यापीठाची असेल तर काम हलकं. बाहेरची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र म्हणजे मायग्रेशन लागतं, आणि ते सहसा हातात नसतं. मग तात्पुरता प्रवेश आणि हमीपत्र. हमीपत्रावर तारीख घाला, "लवकरच सादर करीन" असं लिहू देऊ नका. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, जिथे लागते तिथे पडताळणी, आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरवर 'वैध मुदत' छापलेली असते. ती न वाचताच कागद फाइलला लागतो आणि शिष्यवृत्तीच्या वेळी बोंब होते.

नाव हा मोठा विषय आहे. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. केंद्रीय मंडळाच्या मुलांचं नुसतं नाव-आडनाव, काहींचं आडनावच नाही. लग्न झालेल्या विद्यार्थिनींचं आधारवर सासरचं, पदवीवर माहेरचं. तुम्ही पोर्टलवर जे टाकाल तेच पुढे पदवी प्रमाणपत्रापर्यंत जातं. नियम एकच ठेवा: शेवटच्या पात्रता परीक्षेच्या गुणपत्रिकेवर जे आहे, अक्षरशः तेच. नाव बदलायचं असेल तर राजपत्राची प्रत आणि अर्ज, आणि ते पहिल्या सत्रातच. पदवी छापून झाल्यावर एक अक्षर बदलायला किती टेबलं फिरावं लागतं ते न विचारलेलं बरं.

अपार आयडीचंही (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा शैक्षणिक ओळख क्रमांक) इथेच. १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून विद्यार्थी स्वतः काढतो. श्रेयांक (क्रेडिट) त्याच्या अॅकॅडमिक बँकेच्या खात्यात जायचे तर विद्यापीठाकडचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळावी लागते. "क्रमांक दिलाय की" यावर थांबू नका. डिजिलॉकरचा पडदा फोनवर उघडायला लावा आणि नाव स्वतः वाचा. मित्राच्या फोनवरून काढलेला मित्राचाच क्रमांक देणारे दर वर्षी एक-दोन निघतात.

मूळ गुणपत्रिका आणि पदवी बघायची, झेरॉक्सवर "मूळ प्रतीवरून पडताळले" शिक्का मारायचा आणि मूळ लगेच परत द्यायची. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या सूचनेत मूळ कागद ठेवून घेऊ नयेत असं स्पष्ट आहे. त्याच सूचनेत प्रवेश रद्द केल्यावर किती फी परत करायची याचे टप्पे आहेत: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी रद्द केला तर १०० टक्के (थोडं प्रक्रिया शुल्क वजा), १५ पेक्षा कमी दिवस आधी ९०, नंतरच्या १५ दिवसांत ८०, १६ ते ३० दिवसांत ५०, त्यापुढे शून्य. वर्षागणिक वेगळ्या सूचना निघतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवा. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की एका दिवसाने टक्का बदलतो. रद्दचा अर्ज आला त्या क्षणी आवकचा शिक्का, तारीख, क्रमांक. "उद्या सर आले की देते" असं म्हणून खणात ठेवलेला अर्ज म्हणजे त्या मुलाचे काही हजार रुपये.

---

पिव्होट_टेबल

एक्सेल "बऱ्यापैकी येतं" म्हणताय म्हणून जास्त काळजी वाटते. पुढचं वाचाच.

अनेक विद्यापीठांत पीआरएन १६ अंकी असतो. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच जपतं, सोळावा शून्य करून टाकतं. म्हणजे शेवटी ७ असलेला आणि शेवटी ३ असलेला, दोघेही एकच होतात. चौकटीत काहीतरी ई+१५ असं दिसायला लागलं की समजायचं, माल गेला. नंतर फॉरमॅट बदलून अंक परत येत नाहीत. म्हणून आधी अख्खा रकाना निवडून 'टेक्स्ट' करा, मग पेस्ट करा. पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाइल दोनदा टिचकी मारून उघडायची नाही. 'डेटा' मेनूतून आणा आणि त्या रकान्याला टेक्स्ट सांगा. सीएसव्ही नुसती उघडून सेव्ह केली तरी नुकसान पक्कं. १२ अंकी अपारचे अंक शाबूत राहतात, पण रकाना साधा असला तर तोही ई+११ असा दिसतो. आसन क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्यही असंच गळतं.

दोन याद्या जोडताना नावावर व्हीलूकअप लावू नका. एकाच वर्गात दोन 'पाटील स्नेहल' असू शकतात, आणि नावाच्या शेवटी लपलेली मोकळी जागा तर हमखास. पीआरएनवरच जोडायचं. फक्त एक रकाना निवडून सॉर्ट केलात तर गुण शेजारच्याच्या नावावर जातात आणि यादी दिसायला एकदम नीटनेटकी! हा घोळ पकडण्याचा स्वस्त उपाय: सॉर्टआधी प्रत्येक ओळीला १ ते ६० क्रमांक द्या आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या विद्यार्थ्याचे गुण कागदावर टिपून ठेवा.

तुमच्या एम.ए.चे ६० विद्यार्थी, ५ पेपर, प्रत्येकी अंतर्गतचे दोन घटक धरले तर एका सत्राच्या ६०० नोंदी होतात. एकट्याने भरून एकट्याने तपासू नका. एकाने शिक्षकांच्या सहीच्या कागदावरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं. भरणाऱ्यानेच वाचायचं नाही, कारण त्याला आपलीच चूक दिसत नाही. 'लॉक' करण्याआधी छापील प्रत काढून शिक्षकांची सही घ्या. लॉक झाल्यावर दुरुस्तीला विभागप्रमुखांचं पत्र लागतं, आणि उशीर असेल तर कारणही लिहावं लागतं.

मराठी टायपिंग: विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, तीन आठवडे रोज अर्धा तास पुरतो. विभागातल्या जुन्या फायली श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असणारच. त्या ईमेलला जोडल्या की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा भुसा दिसतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. रूपांतर करणारी साधनं 'र्‍या' हमखास बिघडवतात.

---

कोरा_कागद

सोळाव्या अंकाचं वाचून फाइल उघडून बघितली. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी नमुना म्हणून दिलेल्या यादीत सगळेच पीआरएन शून्याने संपतायत. आता हसू की रडू.

दोन उपप्रश्न. श्रेयांकांचा हिशेब कुणी थोडक्यात सांगेल का? आणि 'टिपणी टाका' असं सगळे म्हणतात, ती नेमकी कशी लिहायची?

---

सेक्शनवाला

हसा. आणि मूळ यादी पोर्टलवरून परत उतरवून घ्या, त्या फाइलला हात लावू नका.

श्रेयांक: सिद्धान्ताच्या १ श्रेयांकाला सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाला ३०. म्हणजे ४ श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा, १५ आठवडे धरले तर आठवड्याला ४. नव्या शैक्षणिक धोरणाच्या राज्यातल्या रचनेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८० ते ८८ श्रेयांकांची, म्हणजे सत्राला २० ते २२. एक वर्ष पूर्ण करून, ४० ते ४४ श्रेयांकांवर बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळते. तुमच्याकडची स्वतंत्र पदविका आणि ही बाहेर पडण्याची पदविका एक नव्हे. चौकशीच्या फोनवर दोन्हींची गल्लत होते आणि मग भलत्याच अपेक्षेने प्रवेश घेतले जातात.

कार्यप्रशिक्षण म्हणजे ओजेटी साधारण ४ श्रेयांकांचं, त्याचे १२० तास. संस्थेकडून येणाऱ्या प्रमाणपत्रावर "एक महिना काम केले" एवढंच असतं. ते चालत नाही. सुरू-समाप्तीची तारीख आणि एकूण तास हवेत. नमुना तुम्हीच तयार करून विद्यार्थ्यांच्या हातात द्या, नाहीतर साठ जणांची साठ तऱ्हांची प्रमाणपत्रं येतील.

हा हिशेब खरा लागतो तो अतिथी अध्यापकांच्या वेळी. तासिका तत्त्वावरचा आदेश तीन आठवडे उशिरा निघाला तर उरतात १२ आठवडे. आठवड्याला ४ प्रमाणे ४८ तास होतात, १२ कमी पडतात. मग वेळापत्रकात आठवड्याला ५ बसवायचे आणि ते वेळापत्रक विभागप्रमुखांच्या सहीने बदलायचं. नुसते जादा तास घेतले आणि वेळापत्रक जुनंच राहिलं तर वित्त विभाग जादा तासांचं बिल कापतो. बिलाबरोबर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: मान्यतेचा आदेश, वेळापत्रक, हजेरीपट आणि बिलातल्या तारखा. बिल पाठवण्याआधी कॅलेंडर समोर धरून तारखा बघा. रविवार किंवा सुट्टीच्या दिवसाचा एखादा तास त्यात सापडला की अख्खं बिल आक्षेप लागून परत. महिनाभर बाहेरून येऊन शिकवणाऱ्याचं मानधन त्या एका तारखेपायी लटकतं.

टिपणी अशी:

"सादर,
एम.ए. भाग १, सत्र १ मधील पेपर कोड ५१३ च्या अध्यापनाकरिता तासिका तत्त्वावर एका अतिथी अध्यापकाची आवश्यकता आहे. सदर पेपर ४ श्रेयांकांचा असून त्याच्या एकूण ६० तासिका होतात. याकामी येणारा खर्च विभागाच्या विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या मंजूर अंदाजपत्रकातील 'अतिथी अध्यापक मानधन' या शीर्षातून भागविता येईल. सदर शीर्षात आजअखेर रु. ____ शिल्लक आहेत.
तरी उपरोक्त प्रस्ताव मान्यतेस्तव सादर."

कशाची गरज, हिशेब काय, पैसे कुठल्या शीर्षातून आणि शिल्लक किती, मागणी काय. मागणी एकच ठेवा. त्याच टिपणीत "तसेच प्रिंटरही नादुरुस्त आहे" असं घुसवलंत की वरून 'चर्चा' असा एकशब्दी शेरा येतो आणि नस्ती (फाइल) आठवडाभर कपाटात जाते. शिल्लक रक्कम न लिहिल्यामुळेही नस्ती परत येते. तो आकडा वित्त विभागातून आधी फोनवर विचारून घ्या. नस्ती ज्या टेबलावर गेली त्या टेबलाचं नाव आणि तारीख जावक वहीत लिहा. "वर पाठवलीय" हा पत्ता नव्हे.

अजून एक. पेपरचं नाव किंवा गुणविभागणी विभागात बसून बदलता येत नाही. ती अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद अशी वर जाते. कुणी प्राध्यापक जुलैत म्हणाले "यंदापासून ५०-५० करू या", तर मान हलवू नका आणि वादही घालू नका. "सर, मंजूर अभ्यासक्रमाची प्रत समोर ठेवते" एवढंच म्हणायचं.

---

खिडकी_४

वर कागदच कागद झाले, माणसांचंही बघू.

तुमच्या तिन्ही नोकऱ्या इथे कामाला येतात, पण सरसकट नाही. लॅबमध्ये नमुना कधीच नुसत्या नावावर घेत नाहीत, दोन ओळखी जुळवतात. इथेही तेच: नाव आणि पीआरएन, फोनवरसुद्धा. क्लेम्समधली सवय म्हणजे त्रुटी एकदाच, एका यादीत, तारखेसह कळवणं. विद्यापीठात नेमकं हेच होत नाही. सोमवारी एक कागद मागतात, गुरुवारी दुसरा. कोकणातून एसटीने येणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो ते सांगायला नको. सहल कंपनीतून उचलायचं ते पर्यायी आखणीचं: तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले नाहीत तर दुसरं नाव मान्यतेत आधीच हवं.

विसरायचं ते असं. गिऱ्हाईक नाराज नको म्हणून जागेवर सवलत देणं. विलंब शुल्क माफ करणं, उपस्थितीत एखादा टक्का सरकवणं, "करून टाकू" म्हणणं, हे तुमच्या हातात नाही आणि एकदा शब्द दिला की तो विभागाचा शब्द ठरतो. "अर्ज द्या, आज आवक करते, उत्तर सोमवारनंतर विचारा" हे कोरडं वाटतं, पण खोटं नसतं.

काही गोष्टी मात्र मुलांनी मागायची वाट बघू नका. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, ३ तासांच्या पेपरला ६० मिनिटं. लेखनिक हवा असेल तर परीक्षेआधी अर्ज, प्रमाणपत्र आणि लेखनिकाची माहिती परीक्षा विभागाकडे पोचलेली असावी लागते. परीक्षेच्या सकाळी केंद्रावर हे जुळवता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच यादी करा आणि परीक्षा अर्जाची तारीख लागली की त्यांना स्वतः कळवा.

महाडीबीटीचं (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल): विद्यार्थ्याचा अर्ज तुमच्या संस्थेच्या लिपिक लॉगिनला पडून राहतो आणि विद्यार्थी समजतो की "सबमिट झालाय". आठवड्यातले दोन दिवस ठरवून ते लॉगिन उघडा. त्रुटी असेल तर नेमकं कारण लिहून परत पाठवा, "कागदपत्रे अपूर्ण" हे कारण नव्हे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. अर्जात कुठलंही खातं लिहिलं तरी जोडणी दुसऱ्या बँकेत असेल तर रक्कम तिकडे जाते, आणि जोडलेलं खातं बंद असेल तर अडकते. जनधनचं जुनं खातं जोडलेलं असणं हा नेहमीचा प्रकार. खातं कुठे जोडलंय ते विद्यार्थ्याला आधारच्या संकेतस्थळावर बघता येतं, ते अर्जाआधी बघायला लावा.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज चुकून तुमच्या टेबलावर आला तर स्वतः उत्तर लिहू नका. आवक करून त्याच दिवशी जन माहिती अधिकाऱ्यांकडे द्या. ३० दिवसांची मुदत अर्ज आल्यापासून चालू होते, तुम्हाला फुरसत मिळाल्यापासून नाही.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुप करा, पण फक्त सूचनांसाठी, लिहिण्याचा हक्क तुमच्याकडेच ठेवून.

---

कागद_तीन_प्रतींत

ग्रुपबद्दल थोडी असहमती. ग्रुपवरची सूचना ही सूचना नव्हे. ज्याने अर्ज भरला नाही तो "मला दिसलंच नाही" म्हणतो आणि त्याचं खोटं ठरवता येत नाही. फलकावर सहीची, जावक क्रमांकाची सूचना लावा, तिचा तारीख दिसेल असा फोटो काढा आणि तोच ग्रुपवर टाका. गुणांच्या याद्या, फोन क्रमांक, जातीचे रकाने असलेल्या याद्या ग्रुपवर कधीही नाहीत. "कुणाकुणाची फी बाकी" ही यादी तर मुळीच नाही.

---

अकरा_महिने

कराराचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

पत्रात मासिक रक्कम 'वेतन' म्हणून आहे की 'मानधन' म्हणून, ते बघा. मानधन धरून व्यावसायिक शुल्कासारखा १० टक्के टीडीएस कापत असतील तर हातात येणारी रक्कम मुलाखतीतल्या आकड्यापेक्षा कमी असेल. एकूण उत्पन्नावर कर बसत नसेल तर विवरणपत्र भरून ती परत मिळते, पण तोवर महिन्याचं गणित त्याशिवाय बसवावं लागतं. भविष्य निर्वाह निधी कापणार का, रजा किती, परीक्षेच्या काळात रविवारी यावं लागलं तर बदली रजा आहे का, हे रुजू होण्याआधी विचारा. रुजू अहवालाची पोच घ्या. पहिलं बिल तिच्याशिवाय निघत नाही.

११ महिन्यांनंतर खंड पडतो आणि नवा आदेश निघेपर्यंत पगार नाही. नव्या आदेशाची टिपणी दहाव्या महिन्याच्या सुरुवातीलाच जायला हवी, आणि गंमत म्हणजे ती बहुतेक तुम्हालाच लिहावी लागेल. ३१ मेला संपणारा करार थेट प्रवेशाच्या तोंडावर संपतो हे टिपणीत एका ओळीत जरूर लिहा.

कायमच्या लिपिकपदाची आशा कुणी दाखवली तर जाहिरात वाचून बघा. राज्यातल्या सरळसेवा भरतीची नेहमीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. वर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं टंकलेखन प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटी. खुल्या प्रवर्गात ४३ व्या वर्षी तो रस्ता जवळपास बंद आहे. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांत मात्र 'प्रोग्राम मॅनेजर', 'अॅकॅडमिक ऑपरेशन्स' अशा पदांना वयापेक्षा अनुभव बघतात. म्हणून दर सत्राअखेर अनुभव प्रमाणपत्रात कामाचा तपशील लिहून घ्या: किती विद्यार्थी, किती पेपर, कुठली पोर्टलं. "समाधानकारक काम केले" एवढ्यावर पुढे कुणी विचारत नाही.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार, हे छापून घेतेय. शेवटचा एक: पहिल्या दिवशी आधीच्या व्यक्तीकडून काय मागून घेऊ? ती ३० जूनला जातेय, म्हणजे आमची गाठच पडणार नाही.

---

सेक्शनवाला

मग ३० जूनच्या आधीच विभागप्रमुखांना सांगून एक तास मागून घ्या, पगार नसला तरी जा. पोर्टलची लॉगिनं आणि ती कुणाच्या मोबाइलच्या ओटीपीवर चालतात ते सगळ्यात आधी. ती बाई गेल्यावर ओटीपी तिच्याच फोनवर जात राहणार, आणि क्रमांक बदलायला कुलसचिव कार्यालयाचं पत्र लागलं तर प्रवेशाचा पहिला आठवडा त्यातच जाईल. त्यानंतर आवक-जावक वह्या, एटीकेटीची यादी, तात्पुरत्या पात्रतेवर अडकलेल्यांची यादी, वर गेलेल्या नस्त्या कुठल्या टेबलावर आहेत ते, आणि कपाटाच्या किल्ल्या. किल्ल्या मोजून घ्या. उत्तरपत्रिकांच्या कपाटाची कुठली ते विचारा आणि तिच्यावर कागदाची चिठ्ठी बांधा.